प्रलंबित आक्षेप

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली,
दहा वर्षं एक ओळ उभी होती,
फिकट, पाण्याच्या डागासारखी:
ही प्रत अस्सल नाही.

आणि मी, शरच्चंद्र पळसोकर, वरिष्ठ लेखापरीक्षक, निवृत्त,
ज्याने सात रुपयांच्या पावतीसाठी
भिंडच्या एका बाबूला तीनदा ग्वाल्हेरला बोलावलं,
तो मी रोज सकाळी
कॅलेंडरची खिडकी ओढून
त्या ओळीवर ठेवत असे.

मग एक दिवस पेन्शनची पर्ची उघडेना.
बँकेचं पान म्हणालं, तुमचं यंत्र फार जुनं.
पाटणकर बाजारातला दुकानदार म्हणाला,
"भाईसाब, इसमें अब जान नहीं है."
जान नाही म्हणे!
पंखा फिरतोय की अजून.
खरखरतो थोडा,
पण जिना चढताना मीही खरखरतोच.

वरच्या मजल्यावरची नाहिद, पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला,
स्कूटीच्या किल्लीला अडकवलेला पेनड्राइव्ह घेऊन आली.
"अंकल, लिनक्स डाल देती हूँ."
किती घेशील?
"फ्री है."
आणि लायसन्स?
आहे म्हणाली. त्यात लिहिलंय:
वापरा, वाटा, उघडून बघा.

उघडून बघा!
छत्तीस वर्षं मी खात्याखात्यांना
दुसरं काय सांगत होतो?
आणि दर वेळी कपाटाची किल्ली
साहेबांबरोबर दतियाला गेलेली असायची.

कुमुद दारातून म्हणाली,
फुकट ते पौष्टिक, कबूल,
पण पचेल का तुम्हाला?

फोटो काढून घेतले. गणेशोत्सवाचे बारा वर्षांचे हिशेब काढून घेतले.
यंत्राने विचारलं:
जुन्याच्या शेजारी बसवू, की सगळं पुसू?
शेजारी, शेजारी, मी घाईने म्हणालो.
मग कोपऱ्यातली ओळ आठवली.
पुसून टाक, म्हटलं.

एकसष्ट टक्क्यांवर दिवे लवलवले.
यूपीएस एकदा चीं करून गप्प झाला.
कुमुदच्या हातात गजकाचा तुकडा तसाच राहिला.
माधवगंजात कुणाच्या तरी लग्नाचा बँड
नेमका तेव्हा थांबला.
बासष्ट.

पासवर्ड टाका, म्हणालं. टाकतोय, तर पडद्यावर काही नाही,
टिंब नाही, तारा नाही.
"पड़ रहा है अंकल, बस दिखता नहीं."
गुप्तदानासारखं, म्हणजे.

भाषांच्या यादीत हिंदीच्या बरंच खाली मराठी होती.
निवडली.
नाव लिहायला बसलो, तर ळ सापडेना.
नाहिदला काय ठाऊक, तिच्या कामाचा नाही तो.
शेवटी कुमुदच्या बोटाला लागला:
ल च्याच घरात, वरच्या मजल्यावर,
शिफ्टच्या जिन्याने.

विजेच्या बिलावर मी पलसोकर.
घरपट्टीवर, दवाखान्याच्या फायलीत, निवृत्तीच्या शालीबरोबर मिळालेल्या
मानपत्रावरसुद्धा पलसोकर.
सगळ्या जिल्ह्यांच्या चुका काढल्या,
हिच्यावर लाल शाई कधी टेकवली नाही.
पळसोकर, मी लिहिलं.
पुन्हा लिहिलं.
कुमुद म्हणाली, पुरे, सहीचा सराव चाललाय का?

जुने हिशेब उघडले तर शब्दांचं भजं झालेलं.
जुन्या टायपाचं नव्या घरात कुणी ओळखीचं नाही.
आकडे मात्र जागच्या जागी.
शेवटची शिल्लक दोनशे चौदा,
त्यावरून वर्ष ओळखलं,
वर्षावरून मांडववाला,
मांडववाल्यावरून भांडण.
आता रोज एक पान पुन्हा टाइप करतो.

रात्री सवयीने कॅलेंडरची खिडकी
उजव्या कोपऱ्यात ओढली.
झाकायला खाली काही नव्हतं.
तरी ती तिथेच राहू दिली.

प्रिंटर अजून बोलत नाही.
नाहिद रविवारी येते म्हणालीय.